खेळण्यातला पेच

मुलांच्या तालीमीविषयी आपल्या समाजात आता बरेच बोलले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, दीनी आणि दुनियावी तालीमीचा मेळ कसा घालावा, मोबाइल किती वेळ हातात द्यावा, यावर जलशांत भाषणे होतात, घरोघरी वाद होतात. खेळण्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. ईदीच्या पैशांत एखादे खेळणे घेतले जाते, चार दिवस घरात त्याचा आवाज होतो, आठव्या दिवशी ते पलंगाखाली जाते आणि विषय संपतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. आमचा दिवस सहा ते दहा वर्षांच्या मुलांत जातो. म्हणून हा विषय आम्हांला इतक्या सहजपणे सोडून देता येत नाही. अक्षर ओळखण्याआधी मूल खेळणे ओळखते, आणि अडले तर पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायचे, याची सवय त्याला तिथेच लागते.

संगमनेरच्या बाजारपेठेत ईदच्या आदल्या रात्री ज्या हातगाड्या लागतात, त्यांवर एक खेळणे हमखास असते. दिसायला ट्रक किंवा मोटार. तिचे दरवाजे बाहेर ओढले, टप मागे फिरवला, चाके आत दुमडली की तिचा माणूस होतो. आमची मुले त्याला 'रोबोटवाली गाडी' म्हणतात. या खेळण्याची खुबी अशी, की त्यात बाहेरून काही जोडायचे नसते आणि आतून काही काढायचे नसते. जेवढे भाग मोटारीत, तेवढेच माणसात. फक्त त्यांच्या जागा बदलतात. ही खेळणी सोपी असावीत की कठीण, असा प्रश्न आहे. वरवर तो दुकानदाराचा वाटतो. आम्हांला तो आईबापांचा आणि उस्तादांचा वाटतो, कारण त्याच्या तळाशी दुसराच प्रश्न आहे. मुलावर माया असेल तर त्याची वाट सोपी करावी, की त्याला वाटेवर चालू द्यावे?

आधी या खेळण्यांचा थोडा इतिहास पाहू. जपानच्या ताकारा कंपनीने 1980 मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली. त्यांतल्या पुढे आलेल्या गाड्या उलगडून यंत्रमानव होत. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती आणि तशीच दुसरी जपानी खेळणी घेतली, त्यांना नावे व कथा दिल्या आणि 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. तेव्हाची मोटार बहुतेक थोड्याच वळणांत माणूस होई. पुढे तंत्र सुधारले, सांधे वाढले, आणि 2007 च्या चित्रपटानंतर निघालेल्या काही खेळण्यांत लहान मुलाची बोटे अडकू लागली. मग कंपन्यांनी दोन्ही दिशा धरल्या. एकीकडे 2003 पासून 'मास्टरपीस' नावाची मालिका निघाली होती. ती महाग, अतिशय गुंतागुंतीची आणि मोठ्या वयाच्या शौकिनांसाठी होती. दुसरीकडे 2014 च्या चित्रपटाबरोबर एकाच हालचालीत रूप बदलणारी खेळणी मोठ्या प्रमाणावर आली. खोक्यावर किती पायऱ्यांत रूप बदलते, तो आकडा छापण्याची पद्धतही पडली. म्हणजे सोपे की कठीण हा वाद कारखान्यानेच दोन कप्पे करून मिटवला. आपल्यासाठी तो मिटलेला नाही. आपल्या मुलाच्या हातात कोणता कप्पा ठेवायचा, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

सोप्याची बाजू आधी नीट ऐकून घ्यायला हवी. शिक्षक मंडळी कठीण गोष्टींची बाजू फार लवकर घेतात, कारण ती त्यांना आता कठीण राहिलेली नसते. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत ताकद नसते. ज्या मुलाच्या हातात जन्मतः कमजोरी आहे, त्याच्यासाठी एका झटक्यात बदलणारे खेळणे हा आनंदाचा एकमेव मार्ग असू शकतो, आणि तो त्याला नाकारणे हा जुलूम होईल. शिवाय मुलाला पुष्कळदा बिजागरीशी काही देणेघेणे नसते. त्याच्या मनात गोष्ट चाललेली असते. गाडी धावते आहे, समोर संकट आले आहे आणि आता तिने उठून उभे राहायचे आहे. अशा वेळी बावीस सांधे फिरवत बसावे लागले तर गोष्ट थंड पडते.

प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. हमीदच्या खिशात तीन पैसे असतात. त्याचे दोस्त मातीचे शिपाई, भिश्ती, वकील विकत घेतात. हमीद चिमटा घेतो, कारण रोटी भाजताना दादीची बोटे पोळतात. कथेचा हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हांला येथे दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. तोच चिमटा हमीद खांद्यावर ठेवतो तेव्हा बंदूक होतो आणि हातात घेतो तेव्हा फकिराचा चिमटा होतो. ताकारा कंपनीच्या कितीतरी आधी एका गरीब पोराने लोखंडाच्या एका साध्या वस्तूची रूपे बदलून दाखवली. तिला ना बिजागरी, ना पायऱ्या. सगळे बदल मुलाच्या डोक्यात झाले. तेव्हा सोपे खेळणे म्हणजे कमी अकलेचे खेळणे असे समजण्याचे कारण नाही. वस्तू जितकी साधी, तितके काम मुलाच्या कल्पनेला करावे लागते.

पण याच दाखल्यावरून सोपेपणाचे दोन प्रकारही वेगळे करता येतात. हमीदच्या चिमट्यात काम मुलाने केले. आज बाजारात बॅटरीची एक गाडी मिळते. ती जमिनीवर ठेवून कळ दाबली की स्वतःच धावते, स्वतःच उभी राहते, दिवे लावते, गाणे म्हणते आणि पुन्हा गाडी होते. तीही सोपीच आहे. पण येथे खेळते ते खेळणे, मूल नुसते पाहत बसते. आम्ही पाहिले आहे की अशा गाडीभोवती पहिल्या दिवशी अख्खी गल्ली जमते आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मालकालाही ती नको असते. चिमटा आणि ही गाडी या दोघांनाही 'सोपे' म्हणणे म्हणजे रोजा आणि उपासमार यांना एकच मानणे होय.

आता कठीणाची बाजू. आम्ही ती पुस्तकातून न मांडता आमच्या वर्गातून मांडतो. उर्दूची हुरूफ-ए-तहज्जी ज्यांनी शिकवली आहेत त्यांना हे चटकन पटेल. देवनागरीत 'ब' हा बहुतेक ठिकाणी 'ब'सारखाच दिसतो. उर्दूत तसे नाही. 'बे' एकटा असतो तेव्हा पसरट नावेसारखा दिसतो. शब्दाच्या सुरुवातीला तो आखडतो. दोन हर्फांच्या मध्ये आला की त्याचा फक्त एक दात, एक शोशा उरतो, आणि खालच्या नुक्त्यावरून त्याला ओळखावे लागते. 'पे', 'ते', 'से', 'नून', 'ये' या सगळ्यांचा तोच शोशा, भेद केवळ नुक्त्यांचा. 'ऐन' तर एकटा, आरंभी, मध्ये आणि शेवटी अशी चार वेगळी रूपे घेतो. उलट 'अलिफ', 'दाल', 'रे', 'वाव' हे पुढच्या हर्फाचा हात धरतच नाहीत. रूप बदलले तरी हर्फ तोच, हे सहा वर्षांच्या मुलाला समजून घ्यावे लागते. विचार केला तर रोबोटवाल्या गाडीत तरी दुसरे काय असते? आणि आमची मुले हे शिकतात. विडी कामगारांची, हमालांची, गॅरेजवाल्यांची मुले शिकतात. या मुलांना गुंतागुंत झेपत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी पहिलीच्या वर्गात एक सकाळ बसून पाहावे.

ती शिकतात कशी, याकडे मात्र लक्ष द्यायला हवे. कायद्यात पहिल्या तख्तीवर हर्फ सुटे असतात. मग दोन हर्फांचे जोड, मग तीन, मग शब्द. कोणताही शहाणा उस्ताद पहिल्या दिवशी शब्द समोर ठेवत नाही, आणि कोणताही शहाणा उस्ताद सहा महिने सुट्या हर्फांवरच थांबत नाही. बी.एड. करताना आम्ही रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की (1896–1934) यांचा सिद्धान्त शिकलो. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्या दोन सीमांच्या मधल्या जागेत शिक्षण घडते, असा त्याचा आशय. तो वाचताना आम्हांला कायद्याच्या तख्त्या आठवल्या होत्या. मदरशाच्या जुन्या उस्तादांना त्या रशियन विद्वानाचे नाव माहीत नव्हते, पण पायरी किती उंच ठेवावी हे माहीत होते.

मारिया माँटेसरी (1870–1952) यांनी हेच वस्तूंच्या रूपात मांडले. त्यांच्या साहित्यातली दट्ट्यांची पेटी पुष्कळ बालवाड्यांत असते. लाकडात दहा खाचा आणि त्यांत बसणारे कमीजास्त आकाराचे दहा दट्टे. एक दट्टा चुकीच्या खाचेत घातला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. चूक झाली हे बाईंना सांगावे लागत नाही, लाकूडच सांगते. ते रागावत नाही आणि टोमणाही मारत नाही. मूल सगळे दट्टे बाहेर काढून पुन्हा सुरुवात करते. 1939 मध्ये माँटेसरी भारतात आल्या. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महागडे साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, गोटे, पाने यांतून तोच हेतू साधला. कठीणपणाला पैसे लागतात असे समजणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

म्हणजे कठीणाचीही फोड करावी लागेल. अमीर खुसरोंच्या नावावर ज्या पहेल्या सांगितल्या जातात त्यांचे जाणकार दोन प्रकार करतात. बूझ पहेलीत उत्तर पहेलीच्या शब्दांतच दडलेले असते, ऐकणाऱ्याने कान दिला पाहिजे. बिन-बूझ पहेलीत ते बाहेर शोधावे लागते. खेळण्याचा चांगला कठीणपणा बूझ पहेलीसारखा असावा असे आम्हांला वाटते. उत्तर वस्तूच्या अंगावरच असावे. मुलाने सांधा निरखला, तो कोणत्या दिशेला फिरू शकतो हे बोटांनी अजमावले, तर पुढची पायरी त्याला सापडावी. एक भाग फिरवल्याशिवाय दुसरा फिरत नाही, यामागे कारण असावे आणि ते दिसावे.

याउलट काही कठीणपणा खोटा असतो. आमच्या बाजारात येणारी पुष्कळशी स्वस्त खेळणी मूळ खेळण्यांची नक्कल असतात. त्यांत सांधे तितकेच, पण प्लास्टिक हलके. खिट्टी बसत नाही, चाक निसटते, हात निखळतो. सूचनेचा कागद असला तर तो चिनी भाषेत. मूल अडते ते आपल्या अकलेमुळे नव्हे, कारखान्याच्या निष्काळजीपणामुळे. पण मुलाला हे कळत नाही. ते समजते की आपल्यालाच जमले नाही. गरिबाच्या मुलाच्या मनावर असा डाग खेळण्यापासूनच पडावा, ही आम्हांला मोठी बेइन्साफी वाटते. सरकारने फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के केले आणि 2023 मध्ये ते 70 टक्के केले. 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय खेळणी विकण्यास मनाई झाली. हे योग्यच झाले. परंतु ते चिन्ह खेळण्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देते. खेळणे मुलाशी प्रामाणिक आहे की नाही, हे विकत घेणाऱ्यानेच पाहायचे असते. दुकानात उभे राहून एकदा स्वतः सांधे फिरवून पाहिले तर ते कळते.

अल-जझरी या कारागिराची येथे आठवण येते. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकर येथे, अर्तुकी सुलतानांच्या दरबारी त्याने पाण्याची घड्याळे, आपोआप हलणाऱ्या आकृती आणि पाणी उपसण्याची यंत्रे रचली. 1206 मध्ये त्याने त्यांवर ग्रंथ लिहिला. त्याचे हत्तीवरचे घड्याळ प्रसिद्ध आहे. त्या यंत्रांना पाहून दरबार थक्क होत असेल. आमच्या मते त्याची खरी थोरवी थक्क करण्यात नाही. त्याने प्रत्येक यंत्राचे भाग, मापे आणि जोडणी आकृत्यांसह लिहून ठेवली, म्हणजे दुसऱ्या कोणालाही ती बनवता यावीत. वस्तू अतिशय कठीण, पण लपवलेली काही नाही. खेळणे बनवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा.

आता आम्ही ज्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो तिच्याकडे येतो. ती गोष्ट भीती. एकदा चौथीच्या वर्गात एका मुलाने आपले नवे खेळणे आणले. ते त्याने कोणाला हात लावू दिले नाही, स्वतःही उलगडले नाही. "तुटलं तर अब्बू मारतील," एवढेच म्हणाला. ते खेळणे सोपे होते की कठीण होते, याला तेथे काही अर्थच उरला नव्हता. बापाने दिवसभराच्या मजुरीतून पैसे काढून ते आणले असणार, त्याचा जीव त्यात अडकणार हे समजण्यासारखे आहे. पण ज्या घरात मोडणे हा गुन्हा असतो, त्या घरात सोप्यात सोपे खेळणेही कठीण होऊन बसते. मूल ते कपाटात ठेवते. पुढे तेच मूल फळ्याजवळ यायला घाबरते आणि आपण म्हणतो, याला गणित जमत नाही. अशा घरात बहिणीच्या वाट्याला तर ते खेळणे येतच नाही. ते 'मुलाचे' असते. तिला फार तर पडलेले चाक शोधून देण्याचे काम मिळते.

संगमनेरला विडीचा धंदा जुना आहे. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या आया विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन पान कापायचे, त्यात तंबाखू भरायची, वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. हे काम पाहताना नजर ठरत नाही. बोटांचे हे हुनर कोणत्याही बावीस पायऱ्यांच्या खेळण्याहून अवघड आहे. पण खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. तेथे चुकीची किंमत मोजावी लागते. 1986 च्या कायद्याने विडीच्या कामात मुलांना लावण्यास बंदी घातली ती आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी. आम्हांला त्यामागे आणखी एक कारण दिसते. मुलाच्या बोटांना काही वर्षे अशी मिळाली पाहिजेत, जेव्हा चुकीचे पैसे कापले जात नाहीत. त्या वर्षांचे नाव खेळ. खेळण्याचा कठीणपणा तेव्हाच जायज आहे, जेव्हा चूक माफ असते आणि सांधा उलटा फिरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

इमाम गझाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये मुलांच्या तरबियतीविषयी लिहिताना सांगितले आहे, की मकतबहून आल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, म्हणजे त्याचा शीण जाईल. खेळ बंद करून सतत शिकवतच राहिले तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि ते सुटकेच्या वाटा शोधू लागते. नऊशे वर्षांपूर्वीचे हे मत आज कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. 'सुनन अबू दाऊद'मधली एक रिवायतही येथे सांगण्याजोगी आहे. हजरत आयेशा यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. हुजूर (स.) यांनी विचारले, घोड्याला पंख कसे? त्यांनी उत्तर दिले, हजरत सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का? यावर हुजूर मनमुराद हसले. घोड्याचे पाखरू झाले होते आणि ते करण्यामागे मुलीचा एक तर्क होता. मोठ्या माणसाने तो तर्क विचारला, ऐकला आणि त्याचा आनंद घेतला. या तीन गोष्टी आपण आपल्या घरात किती वेळा करतो?

यावरून प्रश्न मोठ्यांच्या हातापाशी येतो. मूल अडले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. 'आण इकडे' म्हणून स्वतः करून देतो, नाहीतर 'तुझं तू बघ' म्हणून निघून जातो. 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शिकवणाऱ्याची मदत कशी असावी याचा अभ्यास केला. इमारतीला जशी परात बांधतात तशी मदत असावी, असे त्यांनी मांडले. गरजेपुरती बांधायची आणि भिंत उभी राहिली की काढायची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात लहान मुलांना अनेक करामती असलेले एक खेळणे दिले होते. ज्या मुलांना त्यातली एक करामत मुद्दाम शिकवली, ती बहुतांशी तेवढीच करत राहिली. ज्यांना शिकवले नाही, त्यांनी इतर करामती जास्त शोधल्या. आम्हा शिक्षकांना हा प्रयोग अंतर्मुख करणारा आहे.

पण यासाठी परदेशी दाखल्यांचीच गरज आहे असे नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजात उस्ताद आणि शागीर्द पाहावेत. नवा शागीर्द आधी सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो. धुता धुता भागांची नावे आणि जागा त्याला कळतात. मग नट सोडवणे, मग कसणे. इंजिनला हात फार उशिरा लागतो. जाणता उस्ताद शागिर्दाच्या हातातला पाना हिसकावत नाही. तो शेजारी उभा राहतो आणि आटे चुकीचे चढत आहेत असे दिसले की एवढेच म्हणतो, "उलटा फिरव, पुन्हा लाव." खेळणे कितीही कठीण असो, घरात असे एक माणूस असले तर मूल ते पेलते. असे माणूस नसेल तर महागातले महाग खेळणेही व्यर्थ आहे.

आणि खेळणे विकतच घ्यायला हवे असे कोणी सांगितले? पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवून दाखवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून त्यांनी हवे तसे आकार उभे केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लोकप्रिय केलेल्या खेळण्यांत घडीच्या कागदाचे एक फिरते खेळणे आहे. आतून बाहेर उलटत नेले की दर वेळी नवे चित्र समोर येते. आधी ढग, मग पाऊस, मग नदी, मग वाफ आणि पुन्हा ढग. ही युक्ती 1939 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आर्थर स्टोन या विद्यार्थ्याला कागदाच्या कापलेल्या पट्ट्यांशी चाळा करताना सापडली होती. आम्ही ते वर्गात करून घेतो. खर्च एका कागदाचा. घड्या चुकल्या तर कागद फिरत नाही, मग उलगडून पुन्हा घालायच्या. फाटला तर दुसरा कागद. अब्बूंच्या माराची भीती नाही, आणि मुलगा-मुलगी असा भेदही नाही. काही मुले तेवढ्यावर थांबतात, काही त्यावर 'ऐन'ची चार रूपे लिहून आणतात. वस्तू एकच, पण प्रत्येकाला आपापल्या वकुबाप्रमाणे खोल जाता येते.

आमच्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर येथे आहे. खेळण्यात शिरण्याचा दरवाजा सोपा असावा आणि आत खोल्या पुष्कळ असाव्यात. मुलाच्या हाताला पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी यश यावे, म्हणजे ते थांबेल. आणि महिन्यानेही काहीतरी नवे सापडावे, म्हणजे ते परत येईल. काम मुलाने करावे, खेळण्याने नव्हे. चूक दिसावी, पण ती महाग पडू नये. सांधा मजबूत असावा, कारण मुलाची जिद्द पेलण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. हे निकष पाळणारे खेळणे तीन पायऱ्यांचे असो वा तीसचे, आमची हरकत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच हा लेखप्रपंच. हा वाद खेळण्यांपुरता नाही. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरवले. 2019 मध्ये तो बदलण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आणली. सोपे करा आणि कठीण करा, या दोन टोकांमध्ये धोरण हेलकावे खाते. मुलाजवळ उभे राहणाऱ्या माणसाविषयी मात्र दोन्ही बाजू कमीच बोलतात. एका प्रशिक्षणात एका अधिकाऱ्यांनी आम्हांला प्रेमाने सल्ला दिला होता, "उर्दूच्या मुलांना जरा सोपंच द्या, त्यांच्या घरी कोण बघणार?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. दया होती. पण त्या दयेत एक निकाल आधीच देऊन टाकलेला होता. आपल्यातही असे लोक आहेत. 'आपल्या पोरांना काय करायचंय एवढं शिकून' असे म्हणणाऱ्याच्या तोंडीही तीच दया असते. अपेक्षित प्रश्नांची पुस्तिका हातात देऊन उत्तीर्ण करणे, मराठीच्या तासाला 'यांना मराठी कुठे येणार' म्हणून दोन ओळींवर थांबणे, ही सगळी त्या कळ दाबायच्या गाडीची भावंडे आहेत. मूल पाहत बसते आणि दुसरेच कोणी त्याच्या वतीने खेळून जाते.

याला उपाय म्हणून मुलावर ओझे टाकून बाजूला होणे हाही इन्साफ नाही. ज्या घरात आई पहाटेपासून विड्या वळते तेथे मुलाला 'तुझं तू बघ' म्हणणे सोपे असते. ते म्हणणाऱ्याला कधी एकटे बघावे लागलेले नसते. सोपे करून देण्यात विश्वास नसतो, कठीण देऊन निघून जाण्यात माया नसते. मुलाला दोन्ही हवे असते. त्याला पेच द्यावा, तो त्याच्या वयाचा आणि खरा असावा, आणि तो सुटेपर्यंत आपण जवळ बसावे. आपल्या मोहल्ल्यांत पैशाची कमतरता आहे, वेळेचीही आहे. तरी संध्याकाळची पंधरा मिनिटे, एक कागद आणि "उलटा फिरव, पुन्हा लाव" एवढे म्हणणारे कोणीतरी, इतके आपल्याला पुरवता येईल. येत्या ईदला मुलासाठी खेळणे घेताना किंमत जरूर विचारावी. त्याबरोबर, हे घेऊन आपण त्याच्याजवळ बसणार आहोत की नाही, हेही स्वतःला विचारावे.